तीन हातांचा ड्रायव्हर

राजुरी,
१६ नोव्हेंबर २०२४

ती. प्रज्ञाताईस,
कपिलचा सप्रेम जयभीम, वि. वि.

माझा फोन का लागत नाही म्हणून तू आईला दिवसातून तीनदा विचारतेस. तो आता लागणार नाही. मंगळवारी शीलाकाकूला दवाखान्यात नेल्यावर मी तो फाट्यावरच्या दगडावर ठेवला आणि जॅकच्या दांड्यानं त्याचा भुगा केला. आईच्या फोनवर मोकळं बोलता येत नाही, कारण जीप बंद, त्यामुळं मामा दिवसभर घरात, आणि आपलं घर केवढं ते तुला माहीत आहे. तुला आठव्या महिन्यात खाटेवरून उठू नको म्हणून सांगितलंय, म्हणजे मंचरहून तू येऊ शकत नाहीस. राहिलं पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर बाई म्हणाल्या, काय, नोकरीचा अर्ज का? मी म्हटलं, नाय, शिव्या पाठवायच्यात, वजन जास्त भरेल.

तर आता शिव्याच ऐक. मामानं सगळ्या गावाला सांगितलंय की बिबट्या आडवा आला.

तू तर तेव्हा फोनवरच होतीस. तुझ्याशीच बोलत मामा गाडी चालवत होता. साडेपाच वाजलेले, चांगला उजेड, दोन्ही अंगाला ऊस आणि रस्त्यात कुत्रंसुद्धा नाही. शीलाकाकू टोमॅटोच्या तोडणीवरून येऊन फाट्यावर आपल्याच जीपची वाट बघत उभी होती. फोन कानाला, लक्ष भलतीकडं, गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि मैलाचा दगड आणि बंपर यांच्यामध्ये काकूचा पाय सापडला. मामा खाली उतरला आणि पहिला शब्द काय बोलला असेल? बिबट्या! मागच्या सीटवरच्या चौघांनी काहीच पाहिलं नव्हतं, पण त्यांनीही लगेच बिबट्या, बिबट्या. रात्रीपर्यंत त्याच्या अंगावरचे ठिपके मोजलेला माणूसही गावात सापडला. आपल्या जुन्नर तालुक्यात बिबट्या म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही. कोंबडी गेली, बिबट्या. शेळी गेली, बिबट्या. उद्या मला कोणी विचारलं की कॉलेज अर्धवट का सोडलंस, तर मीपण तेच सांगतो.

काकूचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला. नारायणगावच्या दवाखान्यात आहे. शुद्धीवर आल्यापासून एकच सांगते, मला बिबट्या दिसला नाय, ड्रायव्हरला तीन हात व्हते. दोन स्टेअरिंगवर आणि एक कानापाशी. बघायला येणारे म्हणतात, गुंगीच्या औषधाचा असर. वस्तीतल्या बायका म्हणतात, शीला भ्रमली. आणि पोरं तर काय, मामाला मागून हाक मारतात, ओ तीन हात. काल मी एकाला धुतला.

अक्षदा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलेली असते. शेवटचं वर्ष, अवसरीच्या कॉलेजची परीक्षा तोंडावर, आणि ही आईची कपडे-भांडी करतेय. मी समोर गेलो तर तिनं एवढंच विचारलं, कपिल, तू पुढंच बसला होतास ना, मग सांग, माझी आई भ्रमलीय का? तायडे, दोन वर्षं ही मुलगी माझ्याशी एक वाक्य बोलावी म्हणून मी तिच्या बसच्या जायच्या-यायच्या वेळा पाठ केल्या. सगळी वस्ती त्यावरून मला चिडवते. आणि ती बोलली तेव्हा हे बोलली.

हवालदार दोनदा येऊन गेले. त्यांना माझी सही पाहिजे, कारण ड्रायव्हरशेजारी मीच. मामा म्हणतो, तू काही बोलू नको, बिबट्या म्हटलं की मान हलव आणि सही कर, मिटलं. मी हलवणार नाही. बाबा गेल्यावर मामानं आपल्याला घरात घेतलं, तुला नर्सिंगला घातलं, माझी फी भरली, सगळं मान्य. म्हणून काय बिबट्यापण मान्य करू?

परवा नारायणगावच्या स्टँडवर एक जीपवाला खांद्यानं फोन दाबून रिव्हर्स घेत होता, मागं शाळेची पोरं. मी त्याचा फोन ओढला आणि गटारात टाकला. दोन थोबाडीत बसल्या. खरं सांगतो, बऱ्या वाटल्या.

कळावे. पोटातल्याला आत्ताच सांगून ठेव, मामा लोकांचा भरवसा धरू नको. लोभ आहेच, पण सध्या रागानं त्याची जागा घेतलीय.

तुझा,
कपिल


मंचर,
२० नोव्हेंबर २०२४

चि. कपिल यास,
जयभीम आणि अ. आ.

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजूनही ओळ सोडून पळतं, शाळेत बाई वहीवर शून्य काढायच्या त्याची आठवण झाली. एकदा वाचलं, मग यांनी माझ्या हातातून काढून घेतलं, म्हणाले बी.पी. वाढेल. ते कामावर गेल्यावर गादीखालून काढून पुन्हा वाचलं.

पोरांना धुणं आणि लोकांचे फोन गटारात टाकणं बंद कर. आणि आता मी विचारते त्याचं उत्तर दे. तू चार पानं लिहिलीस, त्यात मामा किती खोटारडा ते साडेतीन पानं. अपघाताबद्दल एवढंच लिहितोस की फोन कानाला होता. फोन काही स्वतःच्या पायांनी चालत कानाशी जात नाही बाबा. तो कुणाच्या तरी हातात असतो.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तू इथं आला होतास, तेव्हा यांनी विचारलं की नाना गाडी चालवताना फोन घेतात, पोलिस पकडत नाहीत का. तू मांडी ठोकून म्हणालास, मामाला ब्लूटूथ कशाला पाहिजे, मी आहे ना. सीट राखून ठेव म्हणून पॅसेंजरचे फोन येतच असतात. वाजला की मी उचलतो, मामाच्या कानाला लावतो. त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, कोण काय पकडणार! आम्ही सगळे हसलो. मी जास्तच हसले.

मंगळवारी मला तुझा आवाज दोनदा ऐकू आला. एकदा म्हणालास, तायडे, मोठ्यानं बोल, गाडीचा आवाज आहे. आणि एकदा, घाईला येऊन, अगं नाव सांग ना त्याला.

आता माझं ऐक. फोन मी केला. पंधरा दिवस तू माझ्यामागं लागला होतास की मामाकडं अक्षदाचा विषय काढ, त्यानं तिच्या घरी बोलणं करावं. संध्याकाळच्या खेपेलाच कर म्हणालास, घरी तो जेवला की आडवा होतो, गाडीवर असला की खुशीत असतो. मी विचारलं, मामा, गाडीवर आहेस का, मग ठेवते. तो म्हणाला, गाडीवरच हाय, बोल निवांत, तुझा भाऊ हाय ना फोन धराया. आणि मी ठेवला नाही. सहा वर्षं वॉर्डात काढली मी. अपघाताचं माणूस आलं की नातेवाइकांना मीच झापते, गाडीवरच्याला फोन करायची अक्कल कुणी दिली म्हणून. घरचा माणूस गाडीवर होता तेव्हा निवांत बोलले.

मी म्हटलं, मुलगी दुसरी-तिसरी कोणी नाही, आपल्या शीलाकाकूची अक्षदा. मामा हसला. अरे लबाडा, म्हणाला. ते मला नव्हतं. तुझ्याकडं वळून म्हणाला असणार. ते हसणं अर्धंच राहिलं, कपिल. पुढचा आवाज मी रोज दुपारी डोळा लागला की ऐकते.

तेव्हा शीलाकाकू भ्रमली नाही. अख्ख्या राजुरीत तिनं एकटीनंच नीट बघितलं.

राग धर, मी नको म्हणत नाही. पण धरायचा तर पुरता धर. अर्धा मामावर ओतून उरलेला खिशात ठेवू नको. सही करू नको हे बरोबर. पण खरं सांगायला उठलास तर तिसरा हात कुणाचा तेही सांगावं लागेल. आणि ते ऐकल्यावर अक्षदा पुन्हा तुझ्याशी एक वाक्य बोलेल असं धरून चालू नको. हे आधी तोलून बघ.

आईला म्हणावं मेथीचे लाडू पोचले, गूळ कमी आहे. कळावे. माझा लोभ तुझ्या वागण्यावर नाही, तुझ्यावर आहे, म्हणून तो टिकून आहे.

तुझी ताई,
प्रज्ञा


राजुरी,
२९ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
स. जयभीम, वि. वि.

तुझं पत्र मी पहिल्यांदा फाडलं. मग चुलीशेजारी बसून तुकडे जुळवले. आईनं विचारलं काय करतोस, मी म्हटलं, तायडीनं कोडं पाठवलंय.

होय. हात माझा होता. उजवा. मामाच्या तोंडासमोरून नाही, मागून, मानेवरून घेऊन कानाला लावायचा, म्हणजे त्याला रस्ता दिसतो. याची मला सवय झाली होती, फुशारकी होती. त्या दिवशी मामा म्हणाला होता, राहू दे, घरी गेल्यावर बोलू. मीच म्हटलं, तायडीचा आहे, घेच. मला त्याचं तोंड बघायचं होतं नाव ऐकताना. बघितलं पण. लई खूश झाला होता, तायडे. माझ्याकडं बघून डोळे मिचकावले त्यानं. तेवढ्यात धाडकन झालं.

आता पुढचं ऐक, म्हणजे माझं डोकं का फिरलंय ते कळेल.

बिबट्यानं माणसाचा पाय घेतला म्हणून गावानं रस्ता अडवला. वनखात्याची माणसं आली, त्यांनी फाट्यावर, उसाच्या सरीत, सगळीकडं बघितलं. त्यांच्यातला एक वनरक्षक सरळ म्हणाला की ठसा एकही नाही, इथं जनावर आलेलंच नाही. त्याला गावानं असा घेतला की बिचाऱ्यानं टोपी काढली. शेवटी पिंजरा लावला, आत शेळीचं करडू. सात दिवस करडू ओरडत होतं. आणि मंगळवारी सकाळी पिंजऱ्यात बिबट्या! मादी. येणारच की. उसात त्या राहतातच, भूक त्यांनाही लागते.

सगळी राजुरी लोटली. प्रत्येकाच्या हातात फोन. एकजण पिंजऱ्याला पाठ लावून सेल्फी काढत होता, ती गुरगुरली तसा चिखलात बसला, तरी फोन वरच. तिचं नाक गजावर आपटून फुटलं होतं. मग मामाला बोलावणं गेलं. तो आला, गर्दीनं वाट दिली, कोणीतरी विचारलं, नाना, हाच का तो? मामानं तिच्याकडं बघितलं. ती मामाकडं बघत होती. आणि मामा म्हणाला, व्हय, हाच.

मी ओरडायला पाहिजे होतं. इतर वेळी मी वाऱ्याशी भांडतो, आणि तिथं गप्प! तिला माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात नेलं. दुसऱ्या दिवशी ऊसतोडणीवाल्यांना सरीत दोन पिल्लं सापडली, मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेली.

मी तसाच नारायणगावला चांदभाईकडं गेलो. आपल्या जीपचे टायर-पंक्चर तोच बघतो, अपघातानंतर गाडी त्यानंच बघितली. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, राव, जनावर आडवं आलं तर माणूस आधी ब्रेक दाबतो. रस्त्यावर रबराचा पट्टा कुठाय? तुझ्या मामाचा पाय ब्रेकवर गेलाच नाय. बावीस वर्षांचा ड्रायव्हर आणि पाय जात नाय, म्हणजे डोळा रस्त्यावर नव्हता. मग डोळा कुठं होता, सांग की. मी म्हटलं, माझ्यावर होता. चांदभाईनं हातातला पाना खाली ठेवला आणि चहा मागवला.

ते जनावर आत आहे माझ्यासाठी. काकू वेडी ठरली माझ्यासाठी. आणि मी लोकांचे फोन गटारात टाकत फिरतोय! स्वतःचा हात टाकता येत नाही म्हणून.

मी सांगणार आहे. पण सांगितलं की फोन कुणाचा होता ते निघणार, तुझं नाव येणार, आणि तुझे दिवस भरत आलेत. म्हणून विचारतो. नको म्हणालीस तर नाव घेणार नाही, काहीतरी... पाहिलंस, आलं पुन्हा खोटं. तू नको म्हणू नकोस.

कळावे. तुझ्या लोभावर सध्या माझा हक्क नाही, तरी मागतो.

तुझा,
कपिल


मंचर,
३ डिसेंबर २०२४

चि. कपिल यास,
जयभीम, अ. आ.

सोबत वेगळा कागद जोडला आहे. त्यावर फोनची वेळ, मी काय बोलले, मामा काय बोलला, तू काय बोललास, सगळं लिहून सही केली आहे. यांनी साक्षीदार म्हणून खाली सही केली. हवालदाराला दे. एक प्रत अक्षदाच्या घरीही दे. तिचं नाव त्यात आहे, तिला ते दुसऱ्याकडून कळू नये.

मामाला आधी घरात सांग. त्याचं मीठ खाल्लंय.

बाळ लाथा मारतंय, बहुतेक तुझ्यावर जाणार. कळावे, आणि जपून राहावे.

ताई


राजुरी,
९ डिसेंबर २०२४

कपिल यास,
नानासाहेबाचा जयभीम.

मी दहावी नापास माणूस, तुझ्यासारखा कॉलेजात अर्ध्यावर बी गेलो न्हाई, तवा चुकलंमाकलं समजून घे. तू चांदभाईच्या दुकानात झोपतोस असं कळलं. डब्यात तुझ्या आईनं पिठलं-भाकर दिलीया. चिठ्ठी वाचून डबा फेकू नको, डबा तिचा हाय.

सहा तारखेला, महापरिनिर्वाण दिनाला, सगळी वस्ती पांढऱ्या कापडात विहारात बसलेली. पंचशील चाललं व्हतं. मुसावादापशी आलं, खोटं बोलणार न्हाई म्हणायची येळ, आन् तू उठून हुबा राहिलास. तिथनं पुढचं मला नीट ऐकू आलं न्हाई. तिसरा हात माझा, बिबट्या खोटा, येवढं ऐकलं. आदल्या दिशी घरात तू मला सांगाया आलास हे खरं. मीच म्हणलो, गप ऱ्हा, मिटलंय. पर म्हणून सगळ्यांपुढं? फोटोसमोर? अगरबत्ती जळत व्हती तवा?

आता लायसन जमा हाय. जीप चौकीच्या आवारात. लोक म्हणत्यात भाच्यानं मामाला उलथा पाडला. पोरं आता तीन हात म्हणत न्हाईत, नुसतं बघत्यात, ते लई वाईट. बावीस वर्सं गाडी मारली, मांजर बी चाकाखाली आलं न्हाई. फोन कधी हातात धरला न्हाई, हे तू बी जाणतोस. येका पोराची फी भरायची म्हणून दोन खेपा जास्त मारल्या, त्यात जाग्रणं झाली, पर गाडी घसरली न्हाई. घसरली ती त्या पोराच्या लगनाचं आईकताना.

येक गोष्ट सांगतो, ती तुला कुणी सांगितली नसंल. गाडीतनं उतरलो, शीला पडलेली, मागं बघितलं तर तू हुबा, तोंड पांढरं, आन् हातात फोन तसाच वर धरलेला. लोक पळत येत व्हती. मनात आलं, पोराच्या हातातला फोन बघितला तर याला हिथंच तुडवत्याल. तोंडातनं बिबट्या निघालं. ते माझ्यासाठनं न्हवतं. येकदा निघालेलं परत गिळता आलं न्हाई. मग त्या जनावरापुढं बी व्हय म्हणलो. त्या दिसापासनं घास उतरत न्हाई.

तू मला खड्ड्यात घातलंस. मी तुला झाकलं व्हतं. येवढंच. लोभ ठेव म्हणत न्हाई, डबा परत पाठीव.

नानासाहेब


नारायणगाव,
११ डिसेंबर २०२४

ती. मामास,
कपिलचा जयभीम, वि. वि.

डबा धुऊन पाठवलाय. पिठलं खाल्लं. तुझी चिठ्ठी वाचून आधी रडलो आणि मग इतका संतापलो की चांदभाईनं टायर ठोकायला दिले.

माझ्यासाठी बोललास, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी उठलो नसतो असं तुला वाटतं का? मग ऐक. तू मला झाकलंस, पण पांघरूण शीलाकाकूच्या अंगावरचं ओढलंस. पाय गेलेली बाई खाटेवरून ओरडून खरं सांगतेय आणि अख्खं गाव तिला वेडी म्हणतंय, आणि आपण दोघं, बघितलेली माणसं, घरात बसून चहा पितोय! तिचा पाय आपल्या हातून चुकीनं गेला. तिचं डोकं आपण ठरवून घेतलं. एवढा लोभ मला नको होता मामा. मला तुडवला असता तर तुडवू द्यायचं होतंस. उभा राहिलो असतो कधीतरी.

तू लायसनचं लिहितोस. माझ्याकडं जमा करायला लायसनपण नाही. मी हवालदारांना म्हटलं, मलाही गुन्ह्यात घाला. ते तायडीचा कागद वाचत राहिले, मग म्हणाले, जो गाडी चालवत नव्हता त्याला कुठं बसवू ते साहेबांना विचारून सांगतो, तोवर गाव सोडू नको. तुला निदान तुझा गुन्हा काय ते तरी कळलं. मी रोज विचारायला जातो, ते बाकड्याकडं बोट दाखवतात.

आणि फोन कधी हातात धरला नाही, हे तुझं बोलणं आता सोड. तुझ्या तोंडी ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो. हात मोकळे होते म्हणून काय झालं? कान माझ्याकडं होता, डोळा माझ्याकडं होता, जीव माझ्या लग्नात होता. स्टेअरिंगवर नुसते पंजे होते. हे आपल्या दोघांनाही कळत होतं. रोज दहा-दहा वेळा कळत होतं. दहा पॅसेंजर मागं बसलेले असायचे आणि एकानंही कधी म्हटलं नाही, नाना, फोन ठेव. कारण उद्या त्यांनाच सीट राखायला फोन करायचा असायचा.

वनरक्षक भेटला होता. म्हणाला, बिबटीचं नाक बरं झालं, पिल्लं तिच्याजवळ दिलीत, आणि आता तक्रारच खोटी निघालीय, तर वरून हुकूम आला की तिला उसात परत सोडतील. मला हात जोडून म्हणाला, भाऊ, माझी टोपी परत दिलीत.

आता एकच मागतो. काकूला घरी आणलंय. तू स्वतः जा. मी सांगितलं ते वेगळं, तू तुझ्या तोंडानं सांगितलंस की ते निराळं. दारातून हाकललं तर हाकलू दे. जाऊन ये, मग मला पाहिजे तेवढ्या शिव्या घाल, मी रोज डबा घ्यायला येईन आणि ऐकून घेईन.

तुझाच,
कपिल


राजुरी,
२२ डिसेंबर २०२४

कपिल,
जयभीम.

आईनं लिहायला सांगितलं म्हणून लिहिते. मी मनानं लिहिलं नसतं.

तुझे मामा चौदा तारखेला आले. उंबऱ्याबाहेर बसले, आत ये म्हटलं तरी आले नाहीत. सगळं बोलले. आई ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, नाना, पाय गेला तो गेला, पण चोवीस दिवस मला भ्रमिष्ट म्हणत होते तेव्हा तुझ्या कानाला काय लावलं होतं? मामा चहा पिऊन गेले. आता वस्तीतल्या बायका येतात आणि आईला विचारतात, शीलाबाई, अजून काय काय दिसलं व्हतं गं? त्यांना ती जे ऐकवते ते मी कागदावर लिहू शकत नाही.

प्रज्ञाताईंचा कागद मी वाचला. आईच्या अंगावर गाडी आली तेव्हा त्या फोनवर माझं नाव चाललं होतं. मला कुणी विचारलंही नव्हतं. तू नाही, ताईंनी नाही, मामांनी नाही. ज्या बोलण्यात माझा होकार नाही, त्या बोलण्यात माझ्या आईचा पाय गेला. मी रात्रंदिवस एवढाच विचार करते आणि परीक्षेचं पुस्तक उघडं ठेवून बसते. तू खरं सांगितलंस, ते बरं केलंस. त्याबद्दल माझ्याकडून काही मिळेल असं समजू नको.

आता आईचा निरोप. दवाखान्यातल्या बाईंनी तिला वॉकर दिलाय आणि रोज अंगणात वीस फेऱ्या सांगितल्यात. बाजूला एक माणूस धरायला लागतो. मी म्हटलं, कॉलेज बंद करते. तिनं मला शिव्या दिल्या. म्हणाली, एकानं अर्ध्यावर सोडलं तेवढं बास आहे. मग म्हणाली, त्या कपिलला कळव, राजुरीपासून नारायणगावापर्यंत न हलता कानापाशी हात धरत होता म्हणे. मग वीस फेऱ्यांपुरता वॉकरपाशी धरता येतोय का बघू म्हणावं.

माझ्या बसच्या वेळा तुला पाठ आहेत असं सगळे सांगतात. मग सोपं आहे. सातच्या बसनं मी जाते आणि सहाच्या बसनं येते. त्याच्या आत येऊन जात जा.

कळावे. लोभाचं वाक्य मुद्दाम लिहिलेलं नाही.

अक्षदा